एकाच देशात बंदुकीचे पन्नास कायदे कसे? व्हर्जिनियाच्या अनुभवावरून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीतल्या एडिसनहून व्हर्जिनियात रिचमंडजवळ राहायला गेला. एडिसनला त्याच्या शेजाऱ्याला पिस्तूल घ्यायचं होतं, तर पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, ओळखीच्या दोघांचे संदर्भ आणि मग नुसती वाट बघणं. रिचमंडचा नवा शेजारी शनिवारी सकाळी दुकानात गेला आणि जेवायच्या आत पिस्तूल घेऊन घरी आला. एकाच देशात असं कसं? आणि इतके गोळीबार होतात, बहुतेक लोकांना कडक कायदा हवा असं सर्वेक्षणं सांगतात, तरी तो होत का नाही?"

मी व्हर्जिनियाच्या उत्तर भागात वकिली करतो. शस्त्रांसंबंधीचे खटले हा माझ्या कामाचा एक भाग. शिवाय विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की राज्याची राजधानी रिचमंडला जाऊन विधेयकांच्या मसुद्यांवर टिपणं काढायची, हेही काम बरीच वर्षं केलं आहे. माझा कल आधीच सांगून टाकतो. विक्रीआधीची तपासणी आणि रेड फ्लॅग कायदा (धोकादायक वाटणाऱ्या माणसाच्या बंदुका न्यायालयामार्फत तात्पुरत्या काढून घेणारा) मला हवेत. 'अ‍ॅसॉल्ट' म्हणजे लष्करी धर्तीच्या रायफलींवरच्या सरसकट बंदीबद्दल मी साशंक आहे, कारण तिची व्याख्या कागदावर बसवताना काय तारांबळ उडते ते मी पाहिलं आहे. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

आपल्याकडे हा विषय दिल्लीचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रं आणि दारूगोळा केंद्राच्या सूचीत येतात, आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम सगळ्या देशाला लागू आहे. परवाना साताऱ्यात जिल्हाधिकारी देतील, पुण्यात पोलिस आयुक्त देतील, पण कायदा एकच. त्यामुळे अमेरिकेचं ऐकलं की आपण आपसूक वॉशिंग्टनकडे बघतो आणि "संसद काहीच कशी करत नाही" असं विचारतो.

वॉशिंग्टनचा कायदा मुळात तोकडा आहे. १९६८ च्या कायद्याने बंदूकविक्रेत्याला केंद्राचा परवाना सक्तीचा केला आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना बंदूक बाळगायला मनाई केली. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणं बंधनकारक केलं. पण एका खासगी माणसाने दुसऱ्या खासगी माणसाला आपली बंदूक विकली, तर केंद्र तपासणी मागत नाही. १९८६ च्या कायद्याने तर देशभरातल्या बंदूकमालकांची नोंदवही ठेवायलाही केंद्राला मनाई केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रिंट्झ खटल्यात आणखी एक खुंटा ठोकला: केंद्राचा कायदा राबवायचं फर्मान राज्यातल्या शेरीफला, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) पोलिस प्रमुखाला, केंद्र सोडू शकत नाही. म्हणजे खाली थोडं केंद्राचं बंधन, वर सर्वोच्च न्यायालयाने आखलेली दुसऱ्या घटनादुरुस्तीची (म्हणजे शस्त्र बाळगायच्या हक्काची) मर्यादा, आणि मधला सगळा ऐसपैस भाग राज्यांचा. परवाना लागेल का, किती दिवस थांबायचं, मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीच्या गोळ्यांच्या पेटीत, किती गोळ्या चालतील, कमरेला पिस्तूल लावून बाजारात फिरता येईल का, हे सगळं राज्याच्या राजधानीत ठरतं. आज २९ राज्यांत पिस्तूल लपवून बाळगायला परवानाच लागत नाही. टेक्सासने ही अट २०२१ मध्ये काढली, फ्लोरिडाने २०२३ मध्ये. व्हरमाँटमध्ये ती कधी नव्हतीच. दुसऱ्या टोकाला न्यू जर्सी: रायफलीसाठी खरेदीदाराचं ओळखपत्र, आणि प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट.

या फरकाची झळ सीमेवर बसते. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई पूल ओलांडून न्यू जर्सीत गेली. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना होता. पोलिसांनी गाडी थांबवली तेव्हा तिने आपणहून सांगितलं की पर्समध्ये पिस्तूल आहे आणि हा माझा परवाना. न्यू जर्सीच्या लेखी तो परवाना म्हणजे नुसता कागद. काही वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार तिच्यावर आली. पुढे बराच गाजावाजा झाला आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. त्याआधी, २००५ मध्ये, युटाहून निघालेल्या एका प्रवाशाचं न्यू जर्सीतल्याच नेवार्कला पुढचं विमान चुकलं. नियमाप्रमाणे कुलूपबंद केलेलं पिस्तूल त्याच्या बॅगेत होतं. बॅग त्याच्या ताब्यात दिली गेली, तो रात्री जवळच्या हॉटेलात राहिला, सकाळी विमानतळावर परत येऊन पिस्तूल आहे असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं आणि अटक झाली. केंद्राचा कायदा प्रवाशाला संरक्षण देतो, पण प्रवासात शस्त्र हाताशी नसेल तरच. हॉटेलात ते हाताशी होतं, असं म्हणत अपील न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या विरोधात निकाल दिला.

तुमच्या भावासाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण आपल्या लोकांपैकी फारच थोड्यांना ती ठाऊक असते. तो एच-वन-बी व्हिसावर असेल तर व्हर्जिनियाचा कायदा कितीही सैल असो, केंद्राच्या कायद्याने त्याला बंदूक बाळगता येत नाही. विद्यार्थी व्हिसालाही तेच. एक अपवाद नेहमीचा आहे: कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर मुभा मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना गंमत म्हणून शूटिंग रेंजवर न्यायची इथे पद्धतच पडली आहे. तिथे भाड्याने घेतलेलं पिस्तूलही 'बाळगण्यात' मोडतं. फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांना मी हात जोडतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. लोकांना हवं असूनही कायदा होत का नाही? याचं उत्तर व्हर्जिनियाइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसेल, कारण गेल्या तीसेक वर्षांत हे राज्य दोन्ही बाजूंना झुकून आलं आहे.

व्हर्जिनिया म्हणजे दक्षिणेतलं बंदूकप्रेमी राज्य, असा समज आहे. पण दुकानात उभ्या उभ्या पार्श्वभूमी तपासायची पद्धत देशात पहिल्यांदा याच राज्याने १९८९ मध्ये सुरू केली. तेव्हा राष्ट्रीय रायफल असोसिएशन, म्हणजे बंदूकमालकांची बलाढ्य संघटना एनआरए, अजून वॉशिंग्टनमध्ये होती. पुढे तिचं मुख्यालय व्हर्जिनियातल्याच फेअरफॅक्सला आलं. १९९३ मध्ये गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी 'महिन्याला एकच पिस्तूल' हा कायदा आणला. कारण लाजिरवाणं होतं. व्हर्जिनियात पिस्तुलं डझनाने घ्यायची, गाडीच्या डिकीत टाकायची आणि ९५ क्रमांकाच्या महामार्गाने न्यूयॉर्कला नेऊन गुन्हेगारांना विकायची, हा धंदा इतका बोकाळला होता की त्या रस्त्याला लोखंडी पाइपलाइन म्हणू लागले. तो कायदा २०१२ मध्ये गव्हर्नर बॉब मॅकडॉनल यांच्या सहीने रद्द झाला आणि २०२० मध्ये जवळपास तसाच परत आला. लोकांची मतं या काळात इतकी उलटसुलट झाली नव्हती. विधिमंडळातल्या खुर्च्या मात्र बदलल्या होत्या.

१६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचा बळी गेला. त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापकही. मारेकऱ्याला २००५ मध्ये न्यायालयाने मानसिक उपचार घ्यायचा आदेश दिला होता. पण तो रुग्णालयात दाखल न होता बाहेरून घ्यायच्या उपचारांचा होता, म्हणून राज्याने तो तपासणीच्या यादीत टाकलाच नव्हता. त्याने दोन्ही पिस्तुलं तपासणी पार करून घेतली. गव्हर्नर टिम केन यांनी दोन आठवड्यांत प्रशासकीय आदेश काढून ही फट बुजवली. ते त्यांच्या सहीने होण्यासारखं होतं. गन शोमधल्या, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-मेळाव्यातल्या, खासगी विक्रीला तपासणी लावायची तर विधिमंडळ लागणार होतं. पुढच्या वर्षी तसं विधेयक आलं आणि समितीतच मेलं.

'समितीत मेलं' हे दोन शब्द रिचमंडमध्ये रोज कानावर पडतात. आमचं विधिमंडळ सम वर्षांत साठ दिवस बसतं, विषम वर्षांत त्याहून कमी. तेवढ्यात हजारो विधेयकं. शंभर जणांच्या कनिष्ठ सभागृहात बंदुकीचं विधेयक स्पीकर एका ठरावीक समितीकडे धाडायचे, समिती ते आपल्या पाचसात जणांच्या उपसमितीकडे द्यायची, आणि उपसमितीत कोण बसणार हे बहुमतवाला पक्ष ठरवायचा. दोनतीन मिनिटं साक्षी, मग मतदान, मग पुढचं विधेयक. कुणाचा मुलगा गेलेला असायचा, हातात फोटो असायचा. त्यांनाही तेवढीच मिनिटं. शंभरातल्या नव्वद सदस्यांवर त्या विधेयकावर मत द्यायची वेळच यायची नाही. त्यामुळे मतदारसंघात गेल्यावर "तुम्ही काय केलंत?" या प्रश्नाला त्यांच्याकडे सोयीचं उत्तर असायचं: ते आमच्यापर्यंत आलंच नाही. सर्वेक्षणातले ऐंशी-नव्वद टक्के या खोलीत पोचत नाहीत.

म्हणून बहुमत कुणाचं, एवढाच प्रश्न उरतो. ते किती बारीक धाग्यावर लटकलेलं असतं याचं उदाहरण २०१७ च्या निवडणुकीत घडलं. न्यूपोर्ट न्यूज या शहरातल्या जागेवर आधी रिपब्लिकन डेव्हिड यान्सी दहा मतांनी पुढे होते. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने जिंकल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांपुढे एक वादातली मतपत्रिका आली. तिच्यावर दोन्ही नावांपुढचे गोल काळे केलेले होते आणि सायमंड्स यांच्या गोलावर एक तिरकी रेघ होती. न्यायाधीशांनी ते मत यान्सींना दिलं. दोघांना ११,६०८ अशी समसमान मतं झाली. कायद्याने अशा वेळी चिठ्ठी काढायची असते. ४ जानेवारी २०१८ ला दोन चिठ्ठ्या कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डब्यांत घातल्या, डबे कलासंग्रहालयातून आणलेल्या चिनीमातीच्या वाडग्यात टाकले, निवडणूक मंडळाच्या अध्यक्षांनी हात घालून एक बाहेर काढला. यान्सी निघाले. रिपब्लिकनांकडे ५१, डेमोक्रॅटांकडे ४९. सायमंड्स निघाल्या असत्या तर ५०-५० झालं असतं आणि समित्यांची वाटणी वेगळी झाली असती. पुढची दोन वर्षं बंदुकीची विधेयकं त्याच उपसमितीत संपत राहिली, त्यामागे तो डबा होता असं मी म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीचच्या महापालिका इमारतीत १२ जण मारले गेले. गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी ९ जुलैला खास अधिवेशन बोलावलं. आदल्या दिवशी राज्याच्या सेनेटमधले, म्हणजे वरिष्ठ सभागृहातले, रिपब्लिकन नेते टॉमी नॉर्मेंट यांनी सरकारी इमारतींत बंदुकीला बंदी घालणारं विधेयक स्वतःच मांडलं होतं. त्यांच्याच पक्षात इतका भडका उडाला की प्रतोदाने पद सोडायची घोषणा केली आणि नॉर्मेंटना विधेयक मागे घ्यावं लागलं. अधिवेशन दीड तासात गुंडाळलं. सगळी विधेयकं अभ्यासासाठी आयोगाकडे गेली, पुढची तारीख नोव्हेंबरातल्या निवडणुकीनंतरची. मला विचाराल तर ती रिपब्लिकनांची घोडचूक होती. दोनचार मवाळ विधेयकं मंजूर करून मोकळे झाले असते तर विषयातली हवा गेली असती. त्यांनी तो विषय उपनगरांतल्या मतदारांच्या ताटात वाढला. न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांच्या पैशावर उभी असलेली, बंदुकीवर कडक कायदे मागणारी एव्हरीटाउन संघटना सुमारे २५ लाख डॉलर घेऊन उतरली. घरातल्या मैदानावर एनआरए तिच्यापुढे कितीतरी मागे पडली. नोव्हेंबरात दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे गेली, ५५-४५ आणि २१-१९. एनआरएचं मुख्यालय असलेल्या फेअरफॅक्स काउंटीतला कनिष्ठ सभागृहाचे शेवटचे रिपब्लिकन सदस्य टिम ह्यूगो, त्यांना डॅन हेल्मर यांनी हरवलं. सायमंड्स या खेपेला सहज निवडून आल्या. हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी यांनी रिचमंडच्या उपनगरातली सेनेटची जागा जिंकली. तुमचा भाऊ राहतो तो बहुधा याच टापूत.

दुसऱ्या बाजूचा जोरही तितकाच खरा होता. निवडणूक झाल्यावर काही आठवड्यांत शंभराहून जास्त काउंट्या, शहरं आणि गावांनी 'दुसऱ्या घटनादुरुस्तीचं अभयस्थान' असे, म्हणजे बंदुकीवरची नवी बंधनं इथे राबवणार नाही असे, ठराव केले. ही टूम इलिनॉयमधल्या एफिंगहॅम काउंटीने २०१८ मध्ये काढली होती. राज्याच्या महाधिवक्त्यांनी डिसेंबरात स्पष्ट केलं की या ठरावांना कायद्यात काही किंमत नाही. पण २० जानेवारी २०२० ला रिचमंडला सुमारे २२ हजार लोक जमले. काही नवनाझींना नुकतीच अटक झाली होती, म्हणून गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर करून कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, आवारात शस्त्रबंदी केली होती. आवाराला कुंपण, आत जायला एकच दार, तिथे धातुशोधक. आत हजारो निःशस्त्र, बाहेर रस्त्यांवर त्याहून जास्त लोक खांद्याला रायफली अडकवून, कडाक्याच्या थंडीत, कोटांवर 'बंदुका जीव वाचवतात' असं लिहिलेले गोल भगव्या-नारिंगी रंगाचे स्टिकर. मी त्या सकाळी तिथून चालत गेलो. टीव्हीने दाखवलं त्यापेक्षा वातावरण बरंच साधं होतं. लोक एकमेकांना थर्मासमधली कॉफी ओतून देत होते आणि निघताना कचरा उचलत होते. अटक झाली ती एकच, तीही तोंड झाकल्याबद्दल.

त्या गर्दीत मला जे दिसलं ते सर्वेक्षणात कधीच येत नाही. खासगी विक्रीला तपासणी हवी, असं म्हणणारा उपनगरातला माणूस शाळा, कर, गर्भपात, रस्ते हेही बघून मत देतो. आणि चार तास गाडी हाकत नैर्ऋत्य व्हर्जिनियातून आलेला माणूस फक्त या एका गोष्टीवर मत देतो, आमदाराचं नाव, समिती, विधेयकाचा क्रमांक, सगळं तोंडपाठ ठेवून. हे लोक पैशाने आणलेले असतात, हा शहरी लोकांचा आवडता समज निव्वळ खुळचट आहे. एनआरए गेल्या काही वर्षांत स्वतःच्याच पैशाच्या भानगडीत अडकली, २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने तिचे माजी प्रमुख वेन लापिएर यांना दोषी धरलं, तरी राज्याराज्यांतला हा जोर ओसरला नाही. इथली जमवाजमव व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग या स्थानिक संघटनेची होती, आणि तिला एनआरए नेहमीच नेमस्त वाटत आली आहे.

त्या दाबाचा परिणाम दिसला. खासगी विक्रीला तपासणी, महिन्याला एक पिस्तूल, हरवलेल्या बंदुकीची ४८ तासांत खबर, रेड फ्लॅग कायदा, आणि गावांना आपल्या बागा व कचेऱ्यांत बंदी घालायचा अधिकार, एवढं मंजूर झालं. रेड फ्लॅग म्हणजे एखादा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल असं वाटलं, तर पोलिस किंवा सरकारी वकील न्यायालयाकडे जाऊन त्याच्या बंदुका तात्पुरत्या काढून घेऊ शकतात. अ‍ॅसॉल्ट रायफलींची बंदी मात्र खालच्या सभागृहात ५१-४८ ने निसटती मंजूर झाली आणि सेनेटच्या न्यायविषयक समितीत १०-५ ने पुढच्या वर्षावर ढकलली गेली. चार डेमोक्रॅट रिपब्लिकनांबरोबर गेले: क्रे डीड्स, चॅप पीटरसन, जॉन एडवर्ड्स आणि स्कॉट सुरोवेल.

या चौघांचं पुढे काय झालं ते बघा, म्हणजे राज्यातलं बंदुकीचं राजकारण कळेल. डीड्स हे डोंगराळ बाथ काउंटीचे. २००५ मध्ये महाधिवक्तापदाच्या निवडणुकीत एनआरएने त्यांना पाठिंबा दिला होता, तोही मॅकडॉनल यांच्या विरोधात. २०२१ मध्ये मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि डीड्स यांना शार्लट्सव्हिल या विद्यापीठाच्या गावातून लढावं लागलं. तिथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, ते जेमतेम तरले. आणि २०२४ मध्ये अ‍ॅसॉल्ट रायफलींवर बंदी घालणारं सेनेटचं विधेयक मांडलं कुणी? क्रे डीड्स यांनीच. माणूस तोच, मतदार बदलले. पीटरसन आपल्या मतावर ठाम राहिले आणि जून २०२३ च्या प्रायमरीत नवख्या उमेदवाराकडून हरले. प्रचारात बंदुकीचं ते मत पुन्हापुन्हा उगाळलं गेलं. एडवर्ड्स निवृत्त झाले. सुरोवेल पुढे बहुमताचे नेते झाले आणि २०२४ च्या बंदीला त्यांनी मत दिलं. मला यांतले पीटरसन आवडायचे, पण निवडणुकीत आवडण्याला मोजत नाहीत.

नेमकं उलटं कोलोरॅडोत घडलं होतं. २०१२ मध्ये ऑरोराच्या चित्रपटगृहात १२ जण गेल्यावर तिथल्या डेमोक्रॅटांनी मॅगझिनला १५ गोळ्यांची मर्यादा आणि सर्व विक्रीला तपासणी असे कायदे केले. सप्टेंबर २०१३ मध्ये मतदारांनी सेनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि अँजेला गिरोन यांना मुदतीआधीच परत बोलावलं. मोर्स गेले ते काही शे मतांनी. तिसऱ्या सेनेटरने तीच पाळी येऊ नये म्हणून राजीनामा दिला. देशभरातल्या आमदारांनी त्यातून एकच धडा घेतला: बंदुकीला हात लावू नका. तो धडा पाचेक वर्षं टिकला. ऑरोरात मुलगा गमावलेले टॉम सलिव्हन २०१८ मध्ये निवडून आले, आणि पुढच्या वर्षी कोलोरॅडोत रेड फ्लॅग कायदा झाला.

कोलोरॅडोचंच नाव निघालं म्हणून आणखी एक सांगतो, कारण "निदान शहरांनी तरी आपला कायदा करावा" असं पुष्कळ जण म्हणतात. चाळीसहून अधिक राज्यांत तसं करायला मनाई आहे; बंदुकीचा कायदा फक्त राज्य करेल, गावाने करायचा नाही. बोल्डर शहराने २०१८ मध्ये अ‍ॅसॉल्ट रायफलींवर बंदी घातली. १२ मार्च २०२१ ला न्यायाधीशांनी ती याच कारणावर थांबवली. दहा दिवसांनी बोल्डरच्या एका किराणा दुकानात १० जणांना मारलं गेलं. त्या वर्षीच्या जूनमध्ये राज्याने ही मनाई उठवली. पण फिलाडेल्फिया अजून अडकलेलंच आहे: शहराने मागणी करायची, राज्याची राजधानी हॅरिसबर्गच्या विधिमंडळाने ऐकायची नाही. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही शहराला दाद दिली नाही. फ्लोरिडात तर असा नियम करणाऱ्या नगरसेवकाला स्वतःच्या खिशातून पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

व्हर्जिनियाची गोष्ट २०२० ला संपली नाही. आमच्या गव्हर्नरला लागोपाठ दुसरी मुदत लढवता येत नाही, आणि सभागृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी, म्हणून इथे काहीच फार काळ मुरत नाही. २०२१ मध्ये रिपब्लिकन ग्लेन यंगकिन गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्यांनी एनआरएची प्रश्नावलीच भरून दिली नव्हती, त्यामुळे तिचा पाठिंबाही त्यांना मिळाला नव्हता. उपनगरांतल्या मतदारांना बिचकवायचं नाही, हे गणित. पण २०२४ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटांची बंदुकीवरची ३० विधेयकं एका दिवसात नामंजूर केली. रायफलबंदीची डीड्स यांचं सेनेटमधलं आणि हेल्मर यांचं खालच्या सभागृहातलं, ही दोन्ही विधेयकं त्यात गेली. व्हेटो फिरवायला दोन-तृतीयांश मतं लागतात, ती नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेमोक्रॅट अबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नरपदी निवडून आल्या, हाश्मी उपगव्हर्नरपदी निवडून आल्या आणि खालच्या सभागृहात डेमोक्रॅट ६४ वर गेले. तुमच्या भावाला पिस्तुलाचे नियम बघायचे असतील तर जुन्या लेखांवर विसंबू नये. नवे कायदे बहुतेक १ जुलैला लागू होतात, त्या सुमाराला राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरचा मजकूर वाचावा.

न्यायालयांबद्दल फार लांबण लावत नाही. २००८ च्या हेलर खटल्यात घरात बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क ठरला, २०१० मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक झाला, आणि २०२२ च्या ब्रूएन खटल्यात न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी नवी कसोटी दिली: आजचं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसलं पाहिजे. न्यूयॉर्कच्या शतकभर जुन्या परवाना कायद्यातली 'खास कारण दाखवा' ही अट त्यात कोसळली. तेव्हापासून आम्ही वकील लोक अठराव्या शतकातले बारूद साठवायचे नियम शोधत दप्तरं उपसतो. २०२४ च्या रहिमी खटल्यात न्यायालय ८-१ ने थोडं मागे सरलं. घरगुती हिंसाचाराच्या आदेशाखालच्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते, असं म्हणालं. हक्क किती पसरतो हे न्यायालय सांगतं, पण विधेयक मांडायचं की नाही हे अजून राज्यातच ठरतं.

कायदा झाला तरी राबवणारा शेरीफ काउंटीने निवडून दिलेला असतो, हेही लक्षात घ्या. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅसॉल्ट रायफलींवर बंदी घातली, तर बहुतेक शेरीफांनी जाहीर केलं की घरोघर जाऊन तपासणी आम्ही करणार नाही. व्हर्जिनियात रेड फ्लॅगचे आदेश काही काउंट्यांत सर्रास निघतात, काहींत ते कागद कुणाला सापडतही नाहीत.

आपल्या माणसाचं एक उदाहरण आहे, ते उपयोगी आहे. मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२१-२२ मध्ये मिशिगनच्या कनिष्ठ सभागृहात डेट्रॉईटचे आमदार होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत चार मुलं मारली गेली, ती त्यांच्याच मुदतीत. डेमोक्रॅट अल्पमतात होते, काहीही हललं नाही. ठाणेदार वॉशिंग्टनला खासदार म्हणून गेले; त्याच निवडणुकीत मिशिगनची दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नर चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा डेमोक्रॅटांच्या हाती एकत्र आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थी गेले, आणि त्याच वर्षात तपासणी, बंदूक कुलपात ठेवायची सक्ती, रेड फ्लॅग, तिन्ही कायदे झाले.

यावरून "म्हणजे रिपब्लिकन असतील तर काही होतच नाही" असं तुम्ही म्हणाल, तर फ्लोरिडा बघा. १४ फेब्रुवारी २०१८ ला पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेले. दोन्ही सभागृहं रिपब्लिकन, गव्हर्नर रिक स्कॉट रिपब्लिकन आणि एनआरएचे लाडके. अधिवेशन तेव्हा चालू होतं, शाळेतली मुलं बसगाड्या भरून राजधानी टॅलहॅसीला आली, आणि ९ मार्चला स्कॉट यांनी सही केली: बंदूक विकत घ्यायचं वय २१, तीन दिवसांची वाट, रेड फ्लॅग. एनआरएने त्याच दिवशी दावा ठोकला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने वयाची अट उचलून धरली. वय पुन्हा १८ वर आणायचं विधेयक खालच्या सभागृहाने एकापेक्षा जास्त वेळा मंजूर केलं आहे. दर खेपेला सेनेट ते कामकाजात घेतच नाही, आणि अधिवेशन संपतं.